'द व्हील ऑफ टाइम', दुसरं वाचन : दहावा भाग झाला

काल रात्री 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' संपवलं, रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' या फँटसी कादंबरीमालिकेतलं दहावं पुस्तक. चौदातले दहा झाले. पहिल्या खेपेला हे पुस्तक निम्मं नुसतं चाळलं होतं, या वेळी एक पानही सोडलं नाही. (पुढे कथानक उघड केलंय, सांभाळून.)

वहीत प्रत्येक प्रकरणापुढे दोन रकाने आहेत : 'काय कळलं' आणि 'काय बदललं'. मालिका रेंगाळते याचं खापर आपण जॉर्डनच्या माहिती पुरवण्याच्या सवयीवर फोडतो. मला ते आता पटत नाही.

चौथा भाग घ्या, 'द शॅडो रायझिंग'. रुइडीन शहरातल्या जादुई काचेच्या खांबांमधून जाताना नायक रँड अधिकाधिक जुन्या पूर्वजांच्या डोळ्यांनी बघत जातो. जवळजवळ सगळा इतिहासच, तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण काळ उलटा चालतो : परिणाम आधी, कारण मागाहून. आयील, म्हणजे वाळवंटातले लढवय्ये लोक, जीव घेण्याआधी तोंड झाकतात, ही तोवर आपल्याला नुसती रीत वाटते. इथे रँडचा एक पूर्वज लेविन बहिणीला सोडवताना माणूस मारतो आणि त्याची आईच त्याला तोंड झाकायला लावते. आपल्या मुलाचा चेहरा मारेकऱ्याच्या धडावर तिला बघवत नाही. पुढे कुठलाही आयील तोंडावर कापड ओढू लागला की मला ती आई आठवते. दोन्ही रकाने भरून वाहिले.

दहाव्यात दुसरा रकाना पानोपानी कोरा आहे. नवव्याच्या शेवटी सैदिन, म्हणजे पुरुषांना वापरता येणारी पण विटाळलेली जादूची शक्ती, शुद्ध होतं, आणि दहावा भाग मागे फिरून त्याच सुमारास बाकीची मंडळी काय करत होती ते दाखवत बसतो. दूरवर काहीतरी प्रचंड चाललंय हे त्यांना जाणवतं, ती चर्चा करतात. आपल्याला निकाल आधीच ठाऊक! हा दोष माहितीचा नाही, मांडणीचा आहे.

रँडचा मित्र पेरिन, त्याचंही तेच. बायको पळवली गेली आठव्यात (1998), सुटणार अकराव्यात (2005). मधे किडक्या धान्याची खरेदी. वर्णन जिवंत आहे, पण गोष्ट जागची हलत नाही. मात्र कैद्याचा हात तोडल्यावर तो पहिल्या भागापासून बाळगलेली कुऱ्हाड टाकून देतो, तिथे मी 'काय बदललं'खाली दोनदा रेघ ओढली.

आता 'नाइफ ऑफ ड्रीम्स', जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला मालिकेतला शेवटचा भाग. बारा ते चौदा, जॉर्डनच्या निधनानंतर मालिका पूर्ण करणाऱ्या ब्रँडन सँडरसनचे. तिथेही हेच रकाने ठेवणार आहे.