शिकारीचं कंपाउंड धनुष्य टार्गेटसाठी लावून घेताना : माझा अनुभव

अमेरिकेतल्या नातेवाइकाने वापरलेलं कंपाउंड धनुष्य देऊ केलं असेल, तर ते विमानात चढण्याआधी त्याला विचारा: ड्रॉ लेंथ, म्हणजे स्ट्रिंग किती मागे ओढली जाते ती लांबी, किती, आणि ती बदलायला काय लागतं? धनुष्याच्या टोकाच्या चाकावरचा, म्हणजे कॅमवरचा, छोटा तुकडा (मॉड्यूल) सरकवून भागतं, की आख्खा कॅम बदलावा लागतो? या एका गोष्टीपायी माझा सगळा पावसाळा वाया गेला, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

माझा मावसभाऊ विस्कॉन्सिनला असतो. तिथे सप्टेंबरच्या मध्याला धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि दादा दरवर्षी जातो. त्याने नवं धनुष्य घेतलं आणि जुनं माझ्यासाठी आणलं, कारण मी इथे पुण्यात क्लबच्या धनुष्यावर शिकत होते. आणण्यात काही अडचण आली नाही. नवा कॅमही त्याने नंतर ओळखीच्यांबरोबर पाठवला. दादाची ड्रॉ लेंथ 30 इंच, माझी साडेसव्वीस. एवढं लांब धनुष्य ओढलं की स्ट्रिंग हनुवटीवर थांबत नाही, पार कानामागे जाते. पीप, म्हणजे स्ट्रिंगमधलं बघायचं भोक, डोळ्यासमोर नीट येत नाही, धरलेल्या हाताचं कोपर ताठ होतं आणि सुटताना स्ट्रिंग हातावर बसते.

कॅम बदलायचा तर बो-प्रेस हवा. कंपाउंडच्या लिंबांवर (धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचीक पट्ट्यांवर) धनुष्य नुसतं ठेवलेलं असतानाही प्रचंड ताण असतो, स्ट्रिंग हाताने निघत नाही. लिंबांची टोकं धरून आत दाबणारं हे यंत्र असल्याशिवाय कुणीही कॅमला हात लावू नये.

शहरातल्या एका दुकानात विचारलं. "प्रेस आहे ना मॅडम, ठेवून जा, होऊन जाईल." ठेवून आले. मग फोन. मशीनचा एक पार्ट येतोय. काम करणारा मुलगा गावाला गेलाय. गणपती झाले की बघू. दरवेळी मी विचारायची, "पण प्रेस तुमच्याकडे आहे ना?" आणि दरवेळी उत्तर, "आहे हो, काळजी नका करू." मध्ये प्रत्यक्ष गेले तेव्हा माझं धनुष्य काउंटरमागे क्रिकेटच्या बॅटींशेजारी लिंबावर भार देऊन उभं केलेलं दिसलं. प्रेस कुठे दिसला नाही. तो दाखवा म्हटलं, तर तो गोडाउनला आहे.

शेवटी "झालं, घेऊन जा" असा फोन आला. गेले, ओढून बघितलं, तर स्ट्रिंग पुन्हा कानामागे. कॅम जुनाच होता! लिंब धरून ठेवणारे बोल्ट सैल केले होते फक्त. मालक समजावतात, "वजन कमी केलंय मॅडम, आता आरामात ओढाल. शिकारीचं धनुष्य आहे, टार्गेटच्यापेक्षा पॉवरफुलच. टार्गेटला काय, कसंही चालेल." बोल्ट किती फेरे सोडवले विचारलं, तर "अंदाजाने." घरी येऊन टॉर्च लावून पाहिलं: वरच्या बोल्टचे आटे खालच्यापेक्षा स्पष्ट जास्त बाहेर आलेले. कंपनीने किती फेरे सोडवायचे याची मर्यादा दिलेली असते. त्यापुढे गेलात तर ओढताना लिंब खोबणीतून निसटू शकतो. बोल्टने ओढायचं वजन, म्हणजे लागणारा जोर, बदलतं, ड्रॉ लेंथ नाही. धनुष्याच्या धंद्यात बसलेल्या माणसाला हे माहीत नसावं, आणि माहीत नसताना त्याने पाना हातात घ्यावा, याचा मला संताप आला. अजूनही येतो.

त्यांचं ते "पॉवरफुल" खरं तर दोन खेळांमधल्या फरकाच्या अगदी उलट आहे. दादा झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास थंडीत बसतो. हरीण वीस-तीस यार्डांत आलं तर एकच बाण मारायचा असतो, अंतर आधी ठाऊक नसतं आणि हालचाल दिसली की संधी गेली. त्याला खांद्यामागचा आठ-दहा इंचांचा भाग गाठायचा असतो. स्पर्धेत कंपाउंडचं अंतर ठरलेलं असतं, 50 मीटर. फेस, म्हणजे टार्गेटचा कागद, 80 सेंटीमीटरचा आणि त्यातला दहा गुणांचा गोल अवघा 8 सेंटीमीटरचा. असे 72 बाण, तेही एकसारखे. 50 पौंडांचं धनुष्य 72 वेळा ओढणं म्हणजे 3600 पौंड, दीड टनाहून जास्त, आणि सरावाचे बाण वेगळे. शिकाऱ्याचं धनुष्य एका क्षणासाठी बांधलेलं असतं, टार्गेटचं पुनरावृत्तीसाठी.

बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. दादाचं धनुष्य एका ॲक्सलपासून (कॅम ज्यावर फिरतो त्या दांड्यापासून) दुसऱ्यापर्यंत 31 इंच आहे, म्हणजे फांद्यांत अडकत नाही. टार्गेटची 37 ते 40 इंचांची असतात. ती हातात संथ राहतात आणि स्ट्रिंगचा कोन नाकाशी नीट बसतो. त्याचा स्टॅबिलायझर, म्हणजे तोल धरणारा दांडा, वीतभर, आमचे समोरचे 30 इंचांचे. त्याच्या नेम धरायच्या साइटवर 20, 30 आणि 40 यार्डांच्या पिना आहेत. 50 मीटर म्हणजे जवळपास 55 यार्ड, म्हणजे सगळ्यात खालची पिनसुद्धा माझ्या अंतराला पोचत नाही. सरकणारी साइट घ्यावीच लागली, भिंग आणि लेव्हल असलेली. कंपाउंडमध्ये दोन्ही चालतात, रिकर्व्ह, म्हणजे कॅम नसलेल्या धनुष्यात, भिंग चालत नाही.

त्याने सोबत बाणही दिले होते. जाड भिंतीचे, 450 ग्रेनच्या आसपासचे, कारण शिकारीत बाण आत शिरायला हवा. ब्रॉडहेड, म्हणजे ब्लेडची टोकं, मी आणूच दिली नाहीत. ती बट, म्हणजे बाण रुततो तो जाड फळा, फाडतात आणि टार्गेटच्या रेंजवर चालत नाहीत. बाण मात्र जपून ठेवा आणि आधी स्पाइन, म्हणजे दांडीच्या कडकपणाचा आकडा, बघा. त्याचे 340 चे. हा आकडा जितका लहान तितकी दांडी कडक. 28 इंचांच्या आधारावर ठेवून मधोमध साधारण 880 ग्रॅम टांगले की ती किती वाकते, त्यावरून तो आकडा येतो. माझ्या धनुष्याच्या ओढायच्या वजनाला आणि छोट्या ड्रॉला ते फारच कडक होते, एका बाजूला जात राहायचे. 50 पौंडांना 500 च्या आसपासचे बाण घेतल्यावर ग्रुप आवळला, बाण एकमेकांजवळ लागू लागले.

तर कॅम. क्लबच्या सरांकडे बाहेरगावच्या एका प्रशिक्षकांची ये-जा होती, त्यांच्याजवळ छोटा हातातला प्रेस होता. त्यांनी धनुष्य दाबलं, स्ट्रिंग सैल झाली, ॲक्सलच्या टोकाची बारीक ई-क्लिप काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली: "ही हरवली तर सगळं थांबतं, ताई." नवा कॅम बसला. मग दोन्ही कॅम एकाच वेळी थांब्याला टेकतात का ते पाहिलं, केबलला अर्धा पीळ दिला, बोल्ट घट्ट करून दोन्ही सारखे सोडले आणि स्केलवर वजन घेतलं. 51 पौंड. सगळं मिळून अर्धा तास! मी ओढलं तर स्ट्रिंग हनुवटीखाली जिथे हवी तिथे थांबली आणि पीपमधून साइटचं वर्तुळ पूर्ण दिसलं. मला तिथेच रडू आलं, आनंदाने.

स्पर्धेला उतरणार असाल तर आणखी दोन गोष्टी. जागतिक नियमांत कंपाउंडची मर्यादा 60 पौंड आहे. शिकारीची पुष्कळ धनुष्यं 70 ची असतात, तेव्हा आधी स्केलवर मोजा. आणि साहित्यावर किंवा कपड्यांवर कॅमोफ्लाजचे रंग चालत नाहीत. माझ्या धनुष्यावर सगळी पानं आणि फांद्या छापलेल्या. नाना पेठेत गाड्यांना स्टिकर लावणाऱ्याकडून काळं मॅट व्हिनाइल लावून घेतलं, लिंबाच्या खोबणीजवळ आणि बोल्टवर मात्र काही चिकटवू दिलं नाही.

दादाचा मनगटाला बांधायचा रिलीज, म्हणजे स्ट्रिंग धरून सोडायचं साधन, तोसुद्धा मी बदलला. त्याला तो बरोबर आहे: हातमोज्यांवरून बांधता येतो, खाली पडत नाही, झटकन लागतो. पण तर्जनीचा चाप बहात्तर वेळा दाबताना घाई होते, पिन पिवळ्यावर आली की बोट आपोआप आवळतं. अंगठ्याचा रिलीज पाठीच्या ताणाने सोडायला शिकले, तेव्हा ते थांबलं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच आहे, त्यामुळे असं धनुष्य इथे आलं तर ते टार्गेटसाठीच वापरलं जाणार, आणि येणार आहेत भरपूर. 2023 ला बर्लिनमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे विश्वविजेते झाले, ओजसने अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. मुलं हातात धनुष्य घेऊन दुकानांत जाणार. त्यांच्या पालकांना एवढंच सांगते: प्रेस डोळ्यांनी बघितल्याशिवाय धनुष्य ठेवून येऊ नका, आणि काम आपल्यासमोर करून घ्या.