परसातल्या फणसाची बारा पेनं

16 मे 2021 च्या तौक्ते वादळात गोव्यातल्या म्हार्दोळजवळच्या आमच्या घराच्या परसातला फणस आडवा झाला. आजोबांनी लावलेला. पुढे चार दिवस घरात वीज नव्हती, आणि जो तो मध्येच उठून मागच्या दारी जायचा, त्या खोडाकडे बघून परत यायचा. मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, फळ्या काढून दिल्या, बाबांनी त्यातून देवासाठी चौरंग करून घेतला. उरलेले हातभर तुकडे चुलीत जाणार होते, ते मी मागून घेतले. आजोबांची आम्ही बारा नातवंडं. प्रत्येकाच्या हातात त्या फणसाचं एक पेन द्यायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र, माझ्याकडे होतं. फोंड्यातल्या एका मेस्तांकडून घेतलेलं, छोटं, जुनं. त्यावर लाटणी आणि भोवरे करून हात बसला होता, म्हणून पेन आपल्याला सहज जमेल असं वाटलं. 2022 च्या चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, जुलैत कामाला लागले आणि पाच पेनं केली. पिवळीधमक, गुळगुळीत. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून ती वाटली तेव्हा सगळ्यांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला.

डिसेंबरात पुण्याहून आतेबहिणीचा फोन आला. ‘अगं, रागावू नकोस, पण पेनाला चीर गेलीय.’ पाठोपाठ आणखी दोघांच्या पेनांचंही तेच. चीर अगदी उभी, टोकापासून टोकापर्यंत, नख अडकेल एवढी.

मला फार लागलं ते. कारण शोधायला मेस्तांकडे गेले. त्यांनी पेन हातात घेतलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘बाय, लाकूड ओलं होतं.’ लाकडी पेनाच्या आत पितळेची नळी असते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पितळ आकसत नाही. आपल्याकडे जुलैत मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं, लाकूडसुद्धा ते पाणी पिऊन फुगलेलं असतं. मी त्या फुगलेल्या लाकडात नळी चिकटवून मोकळी झाले होते. पुण्याच्या थंडीत लाकडाने अंग चोरलं, नळी जागची हलली नाही, मग फुटण्याशिवाय त्याला वाट कुठली?

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. जानेवारीत तुकड्यांतून 20 मिलिमीटर चौकोनी, वीतभराहून थोड्या कमी लांबीच्या चौदा कांड्या कापल्या. टोकांना मेण लावलं, कारण लाकूड टोकांकडून सगळ्यात भराभर सुकतं आणि तिथूनच तडकतं. मग त्या माळ्यावर, कौलांच्या उबेत, एकमेकींना न चिकटवता मांडल्या. दर रविवारी चौदाही कांड्या एकत्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायच्या आणि वजन कॅलेंडरवर लिहायचं. सुरुवातीला 502 ग्रॅम. मार्चअखेर 463. एप्रिलात 458, पुढच्या रविवारी 458, त्याच्याही पुढच्या रविवारी 458. आकडा थांबला, म्हणजे त्या हवेत जेवढं पाणी जायचं तेवढं गेलं. भोकं पाडणं आणि नळ्या चिकटवणं मी पाऊस यायच्या आत, मे महिन्यात उरकलं.

भोक पाडायचं काम मला आजही कातण्यापेक्षा अवघड वाटतं. कांडीचे दोन भाग करायचे, पण त्याआधी कापायच्या जागेवर पेन्सिलची रेघ ओढायची, म्हणजे पेन जोडताना लाकडाची रेषा रेषेला मिळते. मग मधोमध 7 मिलिमीटरचं भोक. ड्रिल थोडं आत घालायचं, बाहेर काढून भुसा झाडायचा, परत घालायचं. एकदमच दाबलं की आतलं लाकूड तापतं आणि दुसऱ्या तोंडाला फुटतं. एक कांडी माझी तशीच गेली. नळी पॉलिश पेपरने खरवडून घ्यायची, नाहीतर गोंद धरत नाही. तिची तोंडं कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबली की बटाट्याची बुचं बसतात आणि गोंद आत शिरत नाही. ही बटाट्याची युक्ती मला फार आवडते.

लेथवर बसण्याआधी ओढणी काढायची, बांगड्या काढायच्या, केस वर बांधायचे, चष्मा आणि मास्क लावायचा. यात सूट नाही. कांड्या मँड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये बसणाऱ्या बारीक सळीवर, चढवून टेलस्टॉक, म्हणजे सळीचं दुसरं टोक धरणारा लेथचा भाग, बेताने आवळायचा. जास्त आवळला तर सळी किंचित वाकते आणि पेन गोल न होता लंबगोल होतं. गोल धारेच्या पटाशीने कोपरे उडाले की लाकडाचा आवाज बदलतो, ठकठक थांबून एकसारखी सळसळ सुरू होते. शेवटचा हात तिरक्या पटाशीचा. तिला धार असेल तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, पिवळे काप मनगटावर येऊन पडतात. नसेल तर नुसती पूड उडते. पूड दिसली की मी मशीन बंद करून धार लावायला उठते.

पॉलिशसाठी मी लाख वापरली. कुंकळ्ळीला चितारी कारागिरांकडे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवताना मी पाहिलं होतं: घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. मी चपडीलाख स्पिरिटमध्ये विरघळवून कागदाच्या घडीने लावली, तीही फिरत्या पेनावरच. कापड मात्र तिथे नको, अडकलं तर बोटही ओढलं जाईल. कागद गरम लागायला लागला की तीन-चार सेकंदांत लाकूड आतून उजळल्यासारखं दिसतं.

जोडणीत एक पेन गेलं. रिफिल आत-बाहेर करणारी यंत्रणा नळीत दाबून बसवायची असते, ती तिच्यावरच्या खुणेपर्यंतच. मी केसभर पुढे दाबली आणि रिफिलचं टोक कायमचं बाहेर राहिलं. ती परत ओढून काढताना लाकूड फुटलं. चौदातल्या दोन गेल्या, बरोबर बारा उरल्या.

19 सप्टेंबर 2023, चवथ. आरती झाल्यावर बारा पेनं ताटात घालून फिरवली. धाकट्या काकांनी आपल्या लेकाचं पेन आधी स्वतःच घेतलं आणि माटोळीच्या सामानाच्या यादीमागे आजोबांचं नाव लिहून पाहिलं.

पुढच्या मार्चमध्ये पुण्याहून आतेबहिणीने फोटो पाठवला. ऑफिसच्या एसीत सहा महिने राहिलेलं पेन. मी फोटो मोठा करून टोकापासून टोकापर्यंत पाहिला. चीर नाही. पिवळा रंग उतरून फणस मधासारखा झाला होता, आणि बोटं जिथे टेकतात तिथे थोडा जास्तच गडद.