टास्क मॅनेजर बंद, रजिस्ट्री बंद: आमच्या अडतीच्या संगणकाची सुटका

"टास्क मॅनेजर हॅज बीन डिसेबल्ड बाय युवर ॲडमिनिस्ट्रेटर." सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानाच्या संगणकावर ही पाटी आली. त्या संगणकाची ॲडमिनिस्ट्रेटर मी आहे. दुसरं कुणी नाही. आणि मी काहीही बंद केलेलं नव्हतं.

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. सौदे झाले की शेतकऱ्याला पट्टी द्यायची असते: वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम. लांबून आलेला माणूस दारात उभा असतो. "ताई, पट्टी तेवढी द्या, गाडी सुटंल." आणि पट्टीचा प्रोग्रॅम उघडायलाच तयार नव्हता, म्हणून संगणक कशात गुंतलाय ते बघायला मी टास्क मॅनेजर उघडायला गेले, तर ही पाटी.

मग एकेक दार ठोठावलं. रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री (विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही) उघडणारं साधन: रजिस्ट्रीत बदल करणं ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलंय. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी: तेच, आणि खाली "कोणतीही कळ दाबा". लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडला की थोड्या वेळात आपोआप पूर्ववत. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडत नव्हत्या, बाकी सगळ्या उघडत होत्या. टेबलावरचा पेनड्राइव्ह लावला तर आतल्या फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट. हा पेनड्राइव्ह आदल्या आठवड्यात बाहेर एका ठिकाणी प्रिंट काढायला गेला होता.

हे सगळं मी कागदावर लिहून काढलं आणि त्याचा फार उपयोग झाला. कारण लिहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. संगणक बिघडलेला नव्हता. ज्या ज्या साधनाने आतलं काही दिसतं किंवा बदलता येतं, नेमकं तेवढंच बंद होतं. हार्ड डिस्क खराब झाली तर ती अशी निवडून खराब होत नाही.

विंडोजमध्ये हे कुलूप मुळातच असतं. शाळेच्या लॅबमध्ये किंवा मोठ्या ऑफिसात मुलांनी, कर्मचाऱ्यांनी सेटिंग बदलू नयेत म्हणून ॲडमिनला टास्क मॅनेजर, रजिस्ट्री, कमांड प्रॉम्प्ट बंद करता येतात. ते बंद होतात रजिस्ट्रीतल्या छोट्या नोंदींनी. एकीचं नाव डिसेबल टास्क एमजीआर, दुसरीचं डिसेबल रजिस्ट्री टूल्स, तिसरीचं डिसेबल सीएमडी (सीएमडी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट). पहिल्या दोन्हींची किंमत १ केली की कुलूप लागलं. व्हायरसने काही जादू केलेली नसते, विंडोजचीच सोय त्याने आपल्यावर उलटवलेली असते. म्हणून पाटीही खरीखुरी विंडोजचीच दिसते.

माझा भाचा विश्रामबागेत इंजिनिअरिंगला आहे. फोनवर त्याचं पहिलं वाक्य: "मामी, आधी इंटरनेटची वायर काढा. आणि त्याच्यावर बँकेचं काही उघडू नका." वायर काढली. दुकानाचं वायफाय न वापरता मोबाइलच्या डेटावरून बँकेचा, ईमेलचा आणि जीएसटीचा पासवर्ड बदलला. पैसे गेलेले नव्हते. गेले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, कारण तक्रार जितकी लवकर तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. त्या संध्याकाळच्या पट्ट्या दिवाणजींनी कार्बन लावून हाताने लिहिल्या.

यार्डात ज्याला विचारावं तो एकच सांगत होता: फॉरमॅट मारा. मला ते पटत नव्हतं. पट्ट्यांचा डेटा, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर, पट्टीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हे सगळं हंगामाच्या मध्यात पुन्हा बसवणं म्हणजे दुकान बंद ठेवण्यासारखं. शिवाय काय शिरलंय आणि कुठून हे न कळता फॉरमॅट केलं तर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या सकाळी पुन्हा लागणार.

सीएमडी बंद असली तरी पॉवरशेल, हुकूम टाइप करायची विंडोजमधली दुसरी खिडकी, उघडत होतं, कारण सीएमडीचं कुलूप पॉवरशेलला लागू होत नाही. तिथून टास्क मॅनेजरची नोंद पुसून पाहिली, मुद्दाम, परत येते का हे बघायला. थोड्या वेळात नोंद परत हजर. म्हणजे आत काहीतरी चालू होतं आणि ते कुलपावर राखण करत होतं. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक सल्ले इथेच संपतात: ही नोंद पुसा, झालं. राखणदार जिवंत असेपर्यंत कुलूप उघडण्यात काही अर्थ नाही. आधी तो, मग कुलूप.

पुढची गोष्ट भाच्याने सुचवली, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. ही कुलपं रजिस्ट्रीच्या 'करंट यूजर' या भागात असतात, म्हणजे ती त्या एका खात्यापुरती लागतात. सेटिंग्जमध्ये जाऊन मी एक नवीन खातं उघडलं, मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशिवायचं साधं स्थानिक खातं, आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटर केलं. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आल्यावर ४ ची कळ. हा झाला सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतं सुरू होणारं विंडोज, इंटरनेटशिवायचा. विंडोज सुरू होताना आपोआप चालवायच्या प्रोग्रॅमांची 'रन' नावाची यादी असते, ती सेफ मोडमध्ये चालवली जात नाही. नवीन खात्यातून आत गेले आणि रेजएडिट टाइप केलं. उघडलं!

पण माझ्या जुन्या खात्याची रजिस्ट्री तिथे दिसत नाही, कारण ते खातं उघडलेलंच नसतं. ती वेगळी जोडावी लागते. रेजएडिटमध्ये एचकी यूजर्स या शाखेवर उभं राहून फाइल मेनूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा फाइलीत साठवलेला एक भाग), मग सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या जुन्या खात्याच्या फोल्डरात एनटीयूजर डॅट नावाची फाइल. तिला काहीतरी तात्पुरतं नाव द्यायचं. आता बंद खात्याची सगळी रजिस्ट्री समोर. काम झाल्यावर अनलोड हाइव्ह करायला विसरायचं नाही, नाहीतर त्या खात्यात लॉगिन करताना अडचण येते.

तिथे रन यादीत एक ओळ होती. सुरुवातीला डब्ल्यूस्क्रिप्ट, म्हणजे स्क्रिप्ट (हुकुमांची साधी लिहिलेली फाइल) चालवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, आणि त्यापुढे ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात दडलेल्या एका स्क्रिप्ट फाइलचा पत्ता. फाइलचं नाव अर्थहीन अक्षरांचं. अशी ओळ दिसली तर डब्ल्यूस्क्रिप्टला हात लावायचा नाही, तो निर्दोष आहे. त्याला जी फाइल चालवायला सांगितलीय ती बघायची. ओळ काढली, फाइल काढली. सेफ मोडमध्ये असतानाच पट्ट्यांच्या डेटाची एक प्रत नव्या कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. फक्त डेटा, एकही प्रोग्रॅम नाही.

मग नेहमीच्या पद्धतीने संगणक सुरू केला, वायर अजून बाहेरच, खातं नवीनच. विंडोज सिक्युरिटी उघडलं तर सगळीकडे हिरवी खूण. संगणक सुरक्षित! हे बघून मला खरंच राग आला. खाली एक्स्क्लूजन्स म्हणून यादी असते, स्कॅन करताना वगळायच्या जागांची. त्यात अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला. अँटिव्हायरस चालू होता, पण त्याला बघायला जागाच ठेवली नव्हती. ती नोंद काढली. संगणकात व्हायरस असल्याचा संशय ज्यांना आहे त्यांनी हिरव्या खुणेवर न थांबता ही यादी जरूर उघडून बघावी.

भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या, ताज्या व्याख्यांची (व्हायरस ओळखायच्या खुणांची) फाइल आणि सेफ्टी स्कॅनर हे तपासणीचं साधन उतरवून आणले. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसांनी चालायचा बंद होतो, म्हणून तो जुना साठवून उपयोग नाही, दरवेळी नवा घ्यायचा. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ साली सुरू केलेलं, तेही अशी साधनं फुकट देतं. आधी व्याख्या भरल्या, मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. यात संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उभं राहण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला लपायला संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं. त्याला स्टार्टअप फोल्डरात, म्हणजे लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या फोल्डरात, त्याच स्क्रिप्टची आणखी एक प्रत सापडली.

इतकं झाल्यावर जुन्या खात्यात गेले. टास्क मॅनेजर: ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय.

इथे बरेच लोक समजतात की व्हायरस गेलाच नाही, आणि हताश होऊन फॉरमॅट करतात. तो गेलेला असतो. अँटिव्हायरस फाइल काढतो, पण तिने लावलेली कुलपं बहुतेक वेळा तशीच राहतात, कारण ॲडमिननेही तशीच लावली असती आणि अँटिव्हायरसला फरक कळत नाही. ती आपल्यालाच काढावी लागतात. नवीन खात्यात परत येऊन, पुन्हा हाइव्ह जोडून, पॉलिसीज शाखेतल्या सिस्टिममधून टास्क मॅनेजरची आणि रजिस्ट्रीची नोंद काढली. शेजारच्या एक्सप्लोररमधून फोल्डर ऑप्शन्स लपवणारी नोंद काढली. सीएमडीची नोंद वेगळ्या ठिकाणी असते, सॉफ्टवेअरच्या थेट खालच्या पॉलिसीज शाखेत. या वेळी काहीच परत आलं नाही.

तरी टास्क मॅनेजर उघडेना. आता पाटीसुद्धा नाही, नुसतं काहीच नाही. आणि हे नवीन खात्यातही. म्हणजे हे दुसरं कुलूप होतं आणि ते एका खात्यापुरतं नव्हतं. इथे ऑटोरन्स कामी आलं. सिसइंटर्नल्स या संचातलं हे साधन मार्क रुसिनोविच यांचं, २००६ मध्ये त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली, तेव्हापासून ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. संगणकात आपोआप जे जे सुरू होतं ते सगळं ते एका खिडकीत मांडतं. त्यातल्या इमेज हायजॅक्स या भागात टास्क मॅनेजरचं नाव दिसलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी विंडोजमध्ये असं सांगता येतं की अमुक प्रोग्रॅम सुरू झाला की त्याऐवजी हा डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारं साधन) सुरू कर. व्हायरसने टास्क मॅनेजरपुढे डीबगर म्हणून आपली स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट गेली, पण निरोप राहिला, म्हणून कळ दाबली की विंडोज नसलेल्या फाइलीकडे धावायचं. ती एक नोंद काढली. इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स ही अख्खी शाखा मात्र उडवू नये, तिथे इतर प्रोग्रॅमांच्या योग्य नोंदीही असतात.

ऑटोरन्समध्ये पिवळी ओळ म्हणजे फाइल सापडत नाही. शेड्यूल्ड टास्क्समध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांच्या यादीत, अशी एक पिवळी ओळ होती. दर थोड्या मिनिटांनी सर्वोच्च अधिकारांनी तीच स्क्रिप्ट चालवायची. नोंद पुसल्यावर परत कशी येत होती ते इथे उलगडलं. तीही काढली. होस्ट्स फाइल, जिच्यात कुठल्या साइटला कुठे वळवायचं ते लिहिता येतं, नोटपॅडमध्ये ॲडमिन म्हणून उघडून अँटिव्हायरस साइटांच्या ओळी पुसल्या. मग वायर लावून डिस्म आणि एसएफसी स्कॅननाऊ हे विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारे हुकूम चालवले. विंडोजच्या मूळ फाइली शाबूत निघाल्या.

हे सगळं जमलं कारण आमच्याकडचा प्रकार स्क्रिप्टचा होता. सॅलिटीसारखा असता, तर मी स्वतःच फॉरमॅट करा म्हटलं असतं. तो २००३ पासून माहीत असलेला व्हायरस आहे. तो ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमच्या, फाइलींमध्ये स्वतःला जोडून घेतो, टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री बंद करतो, आणि सेफ मोडच्या नोंदीही पुसतो, म्हणजे सेफ मोडचा रस्ताच राहत नाही. स्कॅनमध्ये डझनावारी ईएक्सई फाइली दिसू लागल्या तर वेळ न घालवता डेटा बाहेर काढावा आणि विंडोज नव्याने टाकावं. आमचं विंडोज १० आहे, त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे हंगाम उतरला की हा संगणक तसाही बदलायचा आहे.

पेनड्राइव्ह भाच्याने त्याच्या लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी दुसरी प्रणाली असलेल्या संगणकावर, साफ केले. तिथे विंडोजचा शॉर्टकट चालत नाही आणि लपवलेली फोल्डरं सरळ दिसतात. विंडोजवरच करायचं तर सीएमडीमध्ये त्या ड्राइव्हवर जाऊन अॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी दिलं की फोल्डरं परत दिसतात. शॉर्टकटवर मात्र एकदाही क्लिक करायचं नाही.

आता दुकानाचं रोजचं काम माझ्या जुन्याच खात्यावर चालतं, पण ते मी ॲडमिनवरून स्टँडर्ड, म्हणजे कमी अधिकारांचं, केलंय. रजिस्ट्रीतल्या त्या पॉलिसीज शाखेत स्टँडर्ड खात्याला लिहिताच येत नाही, त्यामुळे त्या खात्यात शिरलेल्या स्क्रिप्टला टास्क मॅनेजरचं हे कुलूप लावता येणार नाही. ॲडमिनचे अधिकार फक्त त्या नवीन खात्याकडे, आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे आणि आबांकडे. विंडोज स्क्रिप्ट होस्ट, म्हणजे ज्यातून डब्ल्यूस्क्रिप्ट स्क्रिप्ट चालवतो ती सोय, बंद करून टाकलंय, पट्टीच्या सॉफ्टवेअरला त्याची गरज नाही हे आधी तपासून. बाहेर प्रिंट काढायची असेल तर दिवाणजी पीडीएफ मोबाइलवरून पाठवतात.