ऐरोलीच्या खाडीत, आईसोबत

मुलुंडहून ऐरोलीला जाताना पुलावर खाडीचा वास आला की बसमधले लोक खिडक्या लावतात, मी पण इतकी वर्षं तेच करत आले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मात्र आईला घेऊन मुद्दाम त्याच खाडीत फ्लेमिंगो बघायला गेले. बोट भरतीच्या वेळेवर सुटते हे आधी नीट बघितलंच नाही, त्यामुळे दोन तास नुसतं बसावं लागलं आणि आईची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

पण त्या दोन तासांत तिथलं जैवविविधता केंद्र निवांत बघून झालं. हे केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाने जर्मनीच्या मदतीने उभं केलंय, भारत-जर्मनी जैवविविधता कार्यक्रमातून. मी आईला सांगितलं, तर म्हणाली, "जर्मन लोकांना आपल्या चिखलाचं काय पडलंय?" प्रश्न बरोबर होता, मला पटकन उत्तर देता आलं नाही. निवटी माशाचं चित्र बघून मात्र ती थांबली, म्हणे याचं कालवण काय झकास होतं!

शेवटी बोट सुटली. दोन्ही बाजूला तिवरं, पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि मग एकदम समोर गुलाबी पट्टा. बोटवाल्या दादांनी इंजिन बंद केलं. हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून चिखलपाणी गाळत होते, आवाज असा की लांब कुठेतरी लग्नाची पंगत बसलीय. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि आपल्या शहराच्या सांडपाण्यामुळे ते इथे वाढतं असं मानतात, म्हणजे आपण ज्याला नाकं मुरडतो त्यावर यांची पंगत चाललीय.

दादा म्हणाले, "मावशी, हे कच्छकडनं येतात, ते बारके तुतवार पक्षी तर पार सायबेरियापर्यंत जातात." इराणमध्ये अभ्यासासाठी पायात कडी घातलेले मोठे रोहित पण भारतात सापडलेत. तेव्हा मला आईच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. एका देशाने पाणथळ जागा राखली आणि वाटेतली दुसऱ्याने बुजवली, तर पक्षी उतरणार कुठे? इराणमधल्या रामसर गावात १९७१ मध्ये करार झाला तो याचसाठी, भारत १९८२ मध्ये त्यात आला, आणि आपली ठाणे खाडी २०२२ मध्ये त्या यादीत लागली, सुमारे ६५ चौरस किलोमीटर. त्यातलं अभयारण्य जेमतेम १७ आहे, बाकीचा सगळा भोवतालचा पट्टा, आणि माझी धास्ती त्या पट्ट्याचीच आहे, कारण त्याला लागून टॉवर किती उभे राहिलेत ते बोटीतूनच दिसतं. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले होते, ते आईला आठवलं. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही.

परतताना पुलावर सगळ्यांनी खिडक्या लावल्या. आईने तिची उघडीच ठेवली, मागचा माणूस वैतागला तरी.