मावशी, ट्रेलर बघितला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हा प्रश्न परभणीत मला इतक्या ठिकाणी गाठतो की हल्ली मी नुसती हसून वेळ मारून नेते. भिशीला बायका विचारतात, गल्लीतला मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कापता कापता विचारतो, पुण्यात शिकणारा भाचा रात्री अकराला फोन करतो, "मावशी, ट्रेलर बघितला का? कसा वाटायलाय? जावं का नाई?" शुक्रवारी थेटरात जाणारी बाई अशी माझी गावात ओळख आहे, त्यामुळे ट्रेलरवर मत देणं हे माझंच काम असं सगळ्यांनी धरलंय. खरा प्रश्न पैशाचा असतो. चार माणसांची तिकिटं, इंटरवलचं खाणं, जाण्या-येण्याची रिक्षा, एवढं घालून पस्तावायची पाळी तर येणार नाही ना?

तर आधी उत्तर देऊन टाकते. ट्रेलर बघून पिक्चर चांगला का वाईट ते कळत नाही. मला कळत नाही, आणि यूट्यूबवर ट्रेलर थांबवून थांबवून निकाल देणाऱ्या पोरांनाही कळत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात खरं, पण ते शीत आपण आपल्या हातानं उचललेलं असावं लागतं. इथं रांधणाऱ्यानंच सगळ्यात फुललेलं शीत वेचून आपल्या तळहातावर ठेवलंय. बुडाचा भात करपलाय का, हे त्यावरून कसं सांगणार?

तरीही मी आलेला एकही ट्रेलर सोडत नाही. कारण त्यातून दुसरं एक फार स्पष्ट दिसतं. पिक्चर विकणाऱ्याला कशाची धास्ती वाटतेय, ते.

आता बघा, हल्लीचा हिंदी ट्रेलर सुरू व्हायच्या आधी पाच सेकंदांचा एक तुकडा येतो: धडाधड चार फटके, एक स्फोट, हिरोची पाठ. म्हणजे ट्रेलरचाही ट्रेलर. तेवढ्यात अंगठा वर सरकेल ही ती धास्ती. मग तीन मिनिटांत नायकाचं बालपण, बापाचा खून, प्रेम, गैरसमज, व्हिलनचा अड्डा आणि शेवटची मारामारीसुद्धा. गोष्ट नीट सांगितली नाही तर लोक येणार नाहीत असं ज्याला वाटतं, तो सगळी गोष्ट सांगून बसतो. मग भिशीतल्या बायका म्हणतात, झालं की बघून, आता कशाला जायचं? त्यांचं काय चुकलं?

विनोदी पिक्चरच्या ट्रेलरात पात्रंच एकमेकांच्या विनोदावर हसत असतील, तर मी सावध होते. प्रत्येक वाक्यानंतर ढोल आपटत असेल, तर वाक्यावर लिहिणाऱ्याचाच भरवसा नाही असं समजते. जुन्या गाजलेल्या गाण्याची चाल संथ करून रडक्या आवाजात वाजवली की नवं गाणं जमलेलं नाही. आणि अर्धा ट्रेलर लंडनच्या रस्त्यांवर फिरत असेल, तर पैसा कुठं गेला ते कळतं, गोष्टीवर किती गेला ते मात्र कळत नाही. ह्यातलं काही पक्कं नाही हं. ढोलाच्या ट्रेलरमागून उत्तम पिक्चर निघालेले मी बघितलेत. पण धास्ती ओळखायला चुकत नाही.

न घाबरलेला ट्रेलर कसा असतो, त्याचा माझा आवडता नमुना १९६० चा आहे. 'सायको'चा. सहा मिनिटांहून मोठा, आणि त्यात पिक्चरचे प्रसंग जवळजवळ नाहीतच. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः घर विकायला काढल्यासारखा सेटवर फिरतो, ह्या जिन्यात काय झालं, त्या खोलीत कोण राहायचं असं मिस्कीलपणे सांगत जातो, आणि वाक्य मध्येच सोडून देतो. शेवटी न्हाणीघरात जाऊन पडदा ओढतो, एक बाई किंचाळते. गंमत म्हणजे ती बाई पिक्चरमध्ये न्हाणीघरात असणारी जॅनेट ली नव्हेच, केसांचा टोप घातलेली दुसरी नटी, व्हेरा माइल्स आहे. म्हणजे ट्रेलरभर दाखवतो म्हणत म्हणत त्यानं लपवलंच. यूट्यूबवर आहे, बघा. इंग्रजी न समजणाऱ्या माझ्या जाऊबाईलाही तो पुरता कळला.

आपल्याकडंही असं झालंय. 'बाहुबली'चा पहिला भाग म्हणजे मला तर दुसऱ्याचा अडीच तासांहून मोठा ट्रेलरच वाटतो. २०१५ ला कटप्पानं बाहुबलीला का मारलं हे लोकांच्या डोक्यात सोडून ते मोकळे झाले, आणि २०१७ मध्ये दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला तेव्हाही उत्तर मुठीतच ठेवलं. 'सैराट'चं तर काय सांगू. २०१६ च्या उन्हाळ्यात गाणी वरातीत, रिक्षात, रसवंतीवर वाजत होती, आणि लोक नाचायला म्हणून थेटरात गेले. शेवट आधी कुणाला कळू दिला नव्हता. पहिल्या आठवड्यात थेटराबाहेर पडणारी माणसं चपला शोधल्यासारखी खाली बघत चालली होती. त्या शेवटातली एक चौकट जरी ट्रेलरात आली असती, तर हे झालं नसतं.

आमच्या वयाच्या माणसांना फसव्या जाहिरातीचं तसं अप्रूप नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे सगळे जाणतात, पण सिनेमाच्या धंद्यात तो त्यानंतरही निजामातच राहिला. हिंदी पिक्चरचे वितरक देश सर्किटांमध्ये वाटून घेतात, त्यात विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये (इंग्रजांच्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचं नाव) आणि आमचा भाग 'निजाम'मध्ये. रिळांच्या काळात मोजक्या प्रती निघायच्या, त्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या आणि मग खरचटलेल्या, तुटून जोडलेल्या अवस्थेत आमच्याकडं यायच्या. 'पेटी आली का?', म्हणजे रिळांची, हे थेटराच्या दारात विचारायचं वाक्य होतं. तोवर मुंबईच्या पाहुण्यानं येऊन शेवट सांगून टाकलेला असायचा. आता उपग्रहावरून, इंटरनेटवरून पिक्चर थेटरात उतरतो, तो मुंबईत आणि परभणीत एकाच शुक्रवारी. तेवढं बरं झालं.

तेव्हा आमचा ट्रेलर म्हणजे रिक्षा. दोन्ही बाजूंना पोस्टर, वर भोंगा, आणि आत बसलेला माणूस "आपल्या शहरात, दररोज चार खेळ, सहकुटुंब सहपरिवार" असं एका दमात म्हणत गल्लीगल्लीतून जायचा. पिक्चर त्यानं बघितलेला असेलच असं नाही. दुसरा ट्रेलर थेटराच्या दारातल्या काचेच्या कपाटात. त्यात पिक्चरचे फोटो टाचलेले असायचे, आणि ते आम्ही पोरं पाठ करून आत जायचो. त्यातला एखादा पडद्यावर यायचाच नाही. ऑपरेटरनं रीळ कापलं म्हणून पोरं शिट्ट्या मारायची. ऑपरेटर निर्दोष असायचा, तो प्रसंग मुळात पिक्चरमध्येच नसायचा.

ह्याच भांडणावर आपल्या मराठवाड्यातली एक तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१६ चा शाहरुखचा 'फॅन'. जाहिरातीत 'जबरा फॅन' हे गाणं सगळीकडं वाजत होतं. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या एक शिक्षिकाबाई घरच्यांना घेऊन पिक्चरला गेल्या, आणि पिक्चरमध्ये ते गाणंच नाही. मुलं रुसून जेवली नाहीत, पित्त वाढलं, दवाखान्यात न्यावं लागलं, असं तक्रारीत होतं. बाई ग्राहक मंचात गेल्या. जिल्ह्यात तक्रार फेटाळली गेली. राज्य आयोगानं मात्र दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च द्यायला सांगितलं, राष्ट्रीय आयोगानंही ते कायम ठेवलं. मग पिक्चर काढणारी यशराज फिल्म्स वरच्या कोर्टात गेली, आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल उलटा फिरवला. ट्रेलर एकतर्फी असतो, तो तिकीट घ्यायला प्रोत्साहन देण्यापुरता. तिकीट घेणं हा वेगळा व्यवहार. ट्रेलरात दाखवलं म्हणून ते पिक्चरमध्ये असेलच असा करार होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

आमच्या भिशीत ह्यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, साडीच्या दुकानात काचेत एक साडी लावून आत दुसरी बांधून दिली तर आपण सोडू का? मला ते पटत नाही. त्या शिक्षिकाबाईंच्या घरची रात्र कशी गेली असेल ते मी समजू शकते, आणि गाणं नाही हे पोस्टरवर बारीक अक्षरांत का होईना छापायला हवं होतं असंही मला वाटतं. पण कोर्टानं उलटा निकाल दिला असता तर पुढं काय झालं असतं बघा. ट्रेलर म्हणजे वचन ठरलं की निर्माता वकिलाला शेजारी बसवून ट्रेलर कापणार. पिक्चरमध्ये जे नक्की आहे तेच, जसंच्या तसं आणि ओळीनं दाखवणार. म्हणजे पुन्हा सगळी गोष्ट तीन मिनिटांत. हिचकॉकला पडद्यामागं दुसरी बाई उभी करता आली नसती.

अमेरिकेत असाच वाद 'यस्टरडे' ह्या पिक्चरवरून झाला. अ‍ॅना डी आर्मास ही नटी ट्रेलरात आहे, पिक्चरमध्ये नाही, म्हणून दोघा जणांनी दावा लावला. त्यांनी घरी बसून जेमतेम चार डॉलर भाडं भरलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ट्रेलर ही जाहिरातच आहे, त्यामुळं फसव्या जाहिरातीचा कायदा तिला लागू शकतो असं म्हटलं. पुढं दावा टिकला नाही. माझं मत विचाराल तर जाहिरात ती आहेच, पण निदान बघावीशी वाटणारी जाहिरात आहे. बंगळूरच्या ग्राहक आयोगानं २०२५ मध्ये एका मल्टिप्लेक्सला पिक्चरआधी पंचवीस मिनिटं जाहिराती दाखवल्या म्हणून दंड केला होता, त्यावर नंतर हायकोर्टाची स्थगिती आली. मला कुणी विचारलं असतं तर मी सोन्याची, सिमेंटची आणि क्लासची जाहिरात कापली असती आणि ट्रेलर ठेवले असते. थेटरातला ट्रेलर वेगळाच असतो. हातात पाॅपकाॅर्न, मागं कुणीतरी "हा बघायचा हं!" म्हणतंय, पुढच्या पोरानं हिरो दिसताच शिट्टी मारलीय. फोनवर ही मजा नाही.

एक रडगाणं राहिलं. मराठी ट्रेलरात गाव दिसलं की माणसं कोल्हापूर-साताऱ्याकडचं बोलतात. मकरंद अनासपुरेंनी आमची बोली पडद्यावर चालवून दाखवली, पण ती बहुतेक हसवण्यासाठीच वापरली गेली. "काहून रडायलीस?" हे वाक्य एखाद्या गंभीर ट्रेलरात, मागं ढोल न वाजवता, आई लेकीला म्हणतेय असं मला एकदा ऐकायचंय. तेलुगूतून डब होणारे ट्रेलर ह्या बाबतीत बरे म्हणायची पाळी येते, ते निदान कुठल्याच गावचं हिंदी बोलतात. नांदेड-देगलूरकडं तर लोकांना मूळ तेलुगूच कळतं.

आता तुम्हाला तरीही 'जावं का नाई' एवढंच हवं असेल, तर ट्रेलरातलं मधलं सगळं सोडा आणि दोन टोकं बघा. थेटरातला ट्रेलर असेल तर त्याच्या आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं; पिक्चरच्याही प्रमाणपत्रावर आता यूए पुढं ७, १३ किंवा १६ असा आकडा असतो, म्हणजे त्याहून लहान मुलांना दाखवायचं का ते आईबापांनी ठरवायचं. मुलं न्यायची असतील तर ट्रेलरातल्या गोड गाण्यापेक्षा तो आकडा जास्त खरा. यूट्यूबवरच्या ट्रेलरला असलं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून तिथं रक्त जरा जास्तच दिसतं. दुसरं टोक म्हणजे शेवटची पाटी. तिच्यावर भरभर पळणाऱ्या नावांत लेखक कोण आहे तेवढं थांबवून वाचा. त्याचं मागचं काम आवडलं असेल तर ढोल कितीही वाजू दे, मी तिकीट काढते. दिग्दर्शकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतंच, त्याला शोधावं लागत नाही.

आणि एवढाही खटाटोप नको असेल तर शनिवारी सकाळी दहानंतर मला फोन करा. शुक्रवारी मी बघून आलेली असते. जावं का नाही ते सांगेन, शेवट मात्र विचारायचा नाही. मेडिकलवाला दर वेळी विचारतो, आणि त्याला मी दर वेळी वेगळा सांगते.