आधी टेप लावा, मग टीव्ही बघा

आज दिवसभर एकच प्रश्न कानावर: ‘४३ इंची घेऊ की ५५?’ सोफा ते भिंत अंतर टेपने मोजल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही.

इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद, ६८ सेंमी उंच. फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा पडदा) असेल तर बसायचं अंतर कर्णाच्या दीडपट धरा: ५५ ला २.१ मीटर, ६५ ला अडीच. फुल एचडी असेल तर आणखी मागे सरका, नाहीतर चित्राचे दाणे दिसू लागतात. शंका असेल तर त्या मापाची जुनी वर्तमानपत्रं भिंतीला चिकटवून दोन दिवस बघा. गंमत वाटेल, पण मोठा टीव्ही परत करण्यापेक्षा हे सोपं.

टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर मोजाच. बऱ्याच मॉडेलांचे पाय अगदी टोकांना असतात. टीव्ही घरी येतो आणि एक पाय हवेत!

खोलीत दिवसा भरपूर उजेड असेल तर चांगल्या ब्राइटनेसचा एलईडी किंवा मिनी-एलईडी (पडद्यामागे बारीक दिवे असलेला) घ्या. अंधारात सिनेमे बघणाऱ्यांना ओलेड, कारण त्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतंत्रपणे विझतो आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र तासन्‌तास एकाच वृत्तवाहिनीचा लोगो पडद्यावर राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. घरातले बाजूला बसून बघत असतील तर एलईडीत आयपीएस प्रकारचं पॅनल (म्हणजे पडदा) बरं. व्हीए पॅनल समोरून झकास, पण तिरकं बघितलं की रंग फिके पडतात.

आणि दुकानातल्या त्या भडक ‘व्हिव्हिड’ मोडवर भाळू नका. रिमोट मागून ‘सिनेमा’ मोड लावा, मग चेहरे बघा.