टिप बदलण्यापासून पूर्ण क्यूपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात दुरुस्तीने झाली. झिजलेली टिप (टोकावरचं चामडं), तडकलेलं फेरूल (टिपेखालची छोटी नळी), मारताना जॉइंटमधून, म्हणजे पुढचा शाफ्ट आणि मागचा बट जिथे जोडतात तिथून, येणारी खडखड, अशा तक्रारींचे पूल क्यू, म्हणजे पूलच्या टेबलावर चेंडू मारायच्या काठ्या, आमच्याकडे यायचे. काही कारखान्यात तयार झालेले, काही एखाद्या कारागिराने एकट्याने घडवलेले. दोन्ही प्रकार आतून पाहायला मिळाले आणि क्यू बनवण्याचं बरंचसं ज्ञान आम्हाला त्यातूनच मिळालं.

कारखान्याचा माल म्हणजे दुय्यम, हा समज तेव्हाच गळून पडला. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर शाफ्ट एका मापाचे निघतात. एक खराब झाला तर दुसरा जवळपास तसाच मिळतो. साइड देऊन, म्हणजे चेंडूच्या मध्याऐवजी बाजूला मारून फिरकी दिली, की पांढरा चेंडू नेमाच्या रेषेपासून थोडा सरकतो. टिपेकडचं वजन घटवलं की हे सरकणं कमी होतं. असे शाफ्ट १९९० च्या दशकापासून रुळले, पुढे कार्बन फायबरचेही आले. ते काम मोठ्या कंपन्यांनी केलं आणि उत्तम केलं. ज्याला असा शाफ्ट हवा आहे त्याला आम्ही आजही बिनदिक्कत तोच घ्यायला सांगतो.

मग ऑर्डरप्रमाणे क्यू बनवायचा कशासाठी? आमचं उत्तर शाफ्टच्या लाकडापासून सुरू होतं. हार्ड मेपलचा गोल दांडा आम्ही लेथवर चढवतो, अगदी पातळ थर काढतो आणि टांगून ठेवतो. थर निघाला की लाकडातला ताण मोकळा होतो आणि दांडा थोडा बाक धरू शकतो. काही आठवड्यांनी पुन्हा एक थर. टिपेजवळ साधारण १३ मिलिमीटर जाडी यायला कित्येक महिने जातात. मधेच वाकलेला दांडा आम्ही बाद करतो, मग त्याच्या लाकडावरच्या रेषा कितीही सुंदर असोत. कारखानेही लाकूड मुरवतात, पण एकेका दांड्याची इतकी वाट पाहणं त्यांच्या वेळापत्रकात क्वचितच बसतं.

शाफ्टनंतर आम्ही साधे बट केले आणि मग धीर करून पॉइंटचं, म्हणजे बटावरच्या टोकदार नक्षीचं, काम हाती घेतलं. बटाच्या पुढच्या भागात इंग्रजी व्ही आकाराच्या चार लांब, तिरप्या खाचा पाडायच्या. त्यात रंगीत व्हेनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आणि आबनुसाचे तुकडे बसवून सरसाने चिकटवायचे, आणि मग सगळं एकत्र लेथवर उतरवायचं. गोलाई येत जाते तशी चारही टोकं वर दिसू लागतात. खाच इतकी तिरपी असते, की खोलीत केसभर फरक पडला तरी टोक बरंच मागेपुढे जातं. म्हणून क्यू हातात घेतला की आम्ही आधी चारही टोकं एका रेषेत आहेत का ते पाहतो. यंत्राने कोरलेल्या जडावात कटरच्या गोलाईमुळे कोपरे किंचित बोथट राहतात. अर्थात आज अनेक नामवंत कारागीरही सीएनसी वापरतात आणि कोपरे हाताने धारदार करतात. त्यात आम्हाला काहीच कमीपणा वाटत नाही.

दोन्ही जगांमधली भिंत तशीही कधी पक्की नव्हती. अमेरिकेतले क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का यांचे क्यू संग्राहक जिवापाड जपतात. त्यांनी १९५९ च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हा ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट हे कारखान्यातले क्यू घेऊन त्यांवर आपली कारागिरी केली होती. ऑर्डरच्या क्यूला मान मिळवून देणारी ही परंपरा कारखान्याच्याच लाकडावर उभी राहिली, हे आम्ही नव्या ग्राहकाला आवर्जून सांगतो.

आज आमच्याकडे कोणी पूर्ण क्यू मागितला, तर आधी त्याचा सध्याचा क्यू पाहतो. वजन किती, तोल कुठे येतो, पकड मागे की पुढे. अनेक तयार बटांच्या मागे पोलादी बोल्ट घालून वजन जुळवलेलं असतं. आम्ही ते शक्यतो लाकडाच्या निवडीतूनच जुळवतो, म्हणजे १९ औंसांचा क्यू हातात मागे ओढत नाही. बट आवडता असेल आणि फक्त शाफ्ट खटकत असेल, तर पूर्ण क्यूची ऑर्डर आम्ही घेत नाही. जॉइंटमध्ये दोन भाग जोडणाऱ्या पिनेचं माप घेतो आणि त्या बटाला जुळणारा शाफ्ट करून देतो.